नाओशिमाला निघण्याआधी: बेळगावकडच्या मंडळींसाठी

पासपोर्ट, व्हिसा, विमा, रोजच्या गोळ्या हे करायचंच आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. ज्यांची मुलं नोकरीनिमित्त ओसाका-टोकियोकडे आहेत आणि जे महिनाभर त्यांच्याकडे निघालेत, अशा बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी हे लिहिते आहे. क्योतोची देवळं मुलं दाखवतीलच. सेतो समुद्रातल्या नाओशिमा आणि तेशिमा या बेटांवर जायचा हट्ट मात्र तुम्हीच धरायला हवा. समुद्र, डोंगर आणि आजची कला एकमेकांत इतकी मिसळलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आधी कॅलेंडर उघडा. नाओशिमावरची बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद, तेशिमाचं मंगळवारी बंद. सरकारी सुट्टी मध्ये आली की हे वार पुढे सरकतात, म्हणून तुमची नेमकी तारीख संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ताडून बघा. शाळेच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन जाणार असाल तर 29 एप्रिल ते 5 मे टाळा, त्या आठवड्यात सगळा जपान घराबाहेर असतो. जून-जुलै पावसाचा. ऑगस्ट-सप्टेंबरला वादळं येतात आणि बोटी बंद पडतात. नाओशिमाच्या धक्क्याच्या टोकावरचं, जपानी कलाकार यायोई कुसामा यांचं पिवळ्या भोपळ्याचं शिल्प ऑगस्ट 2021 मध्ये असंच वादळात वाहून गेलं, ते ऑक्टोबर 2022 मध्ये परत बसवलं. माझं मत विचाराल तर नोव्हेंबर.

आता खरं सांगायचं ते. नाओशिमावरच्या चिचू कला संग्रहालयाचं तिकीट इथून, घरात बसून, निघण्याआधी काढा. तारीख ठरली की त्याच दिवशी काढा. हे तिकीट ठरावीक वेळेचं असतं, आणि त्या वेळेच्या जागा भरल्या की भरल्या. लांबून आलोय, सोबत वयस्क माणसं आहेत, याचा काही उपयोग होत नाही. मागच्या खेपेला आमची मंडळी दारापर्यंत जाऊन परत फिरली आणि संध्याकाळपर्यंत कुणी कुणाशी धड बोललं नाही. मुलगा बघेल म्हणून सोडू नका. तिकीट काढलं का, हे त्याला विचारा, आणि तिकीट स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

माणसं मोजून सोडतात त्याला कारण आहे. 2004 साली उघडलेली ही इमारत वास्तुकार तादाओ आंदो यांनी जवळजवळ सगळी टेकडीच्या पोटात घातली, म्हणजे किनाऱ्याचं रूप बिघडू नये. फ्रेंच चित्रकार मोनेची कमळांची पाच चित्रं एका पांढऱ्या खोलीत आहेत आणि त्यांच्यावर उजेड पडतो तो फक्त वरून येणारा, दिवसाचा. ढग आला की चित्रातलं पाणी गडद होतं, ढग सरकला की उघडतं. वरेरकर नाट्य संघातल्या कलादालनात आपण एका चित्रासमोरून दुसऱ्याकडे सरकतो, तसं इथे चालत नाही, थांबून राहावं लागतं. गर्दीत ते कसं जमणार? म्हणून वेळेचं तिकीट.

ते काढायला कार्डावरचे परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्या, बहुतेक कार्डांवर ते बंदच असतात. ओटीपी इथल्या सिमवर येतो. तिकडे गेल्यावर नवीन सिम घातलं की तो तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही, आणि तिकीट अडकलं ते अडकलंच. म्हणून पुन्हा सांगते: इथून, घरात बसून. तेशिमाच्या संग्रहालयाचंही त्याच बैठकीत काढून टाका. दोन्ही तिकिटं कागदावर छापून घ्या आणि एकेक प्रत दोघांच्या पिशवीत ठेवा.

बोटी. ताकामात्सु शहरातून नाओशिमाला मोठ्या बोटीनं साधारण पन्नास मिनिटं, उनो बंदरातून वीस. नाओशिमा आणि तेशिमा यांच्यामधल्या बोटी थोड्या आणि लहान आहेत, त्यांचं वेळापत्रक बघितल्याशिवाय दोन्ही बेटं एका दिवसात बसवू नका. चिचूची वेळ बोटीला लागून घेऊ नका, मध्ये मोकळा वेळ ठेवा. धक्क्यापासून बस आहे, पण ती सारखी येत नाही.

पायात नाडीचे बूट नकोत. मोनेच्या खोलीत चपला बदलाव्या लागतात, तेशिमाला बूट बाहेरच काढायचे. खडेबाजारात मिळतात तसले साधे, पाय सरकवायचे बूट घ्या आणि जाड मोजे घ्या, कारण तिथली जमीन काँक्रीटची आणि गार आहे. साडी नेसणार असाल तर घोट्याच्या वर नेसा. हे सांगायचं कारण ऐका. र्‍यूए निशिझावा (वास्तुकार) आणि रेई नाइतो (कलाकार) यांनी केलेलं तेशिमाचं संग्रहालय (2010) म्हणजे एकही खांब नसलेलं, चाळीस बाय साठ मीटरचं काँक्रीटचं कवच. वर दोन मोठी भोकं उघडी, त्यातून वारा, पाऊस, पाखरांचा आवाज आत येतो. जमिनीतल्या बारीक छिद्रांतून पाण्याचा थेंब वर येतो, क्षणभर थरथरतो आणि उताराकडे पळतो, दुसऱ्याला गाठतो, दोघं मिळून पुढच्या डबक्यात जातात. हे थेंब हीच तिथली कलाकृती. निऱ्या त्यावरून फिरल्या तर ती आपणच पुसून टाकतो. खाली बघून चाला, नातवंडांचा हात धरा. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे.

जाण्याआधी बेटांचा इतिहास घरात सगळ्यांना सांगा, नाहीतर हे नुसतं सुंदर ठिकाण वाटतं. नाओशिमाच्या उत्तरेला 1917 पासून तांबं गाळायचा कारखाना, त्याच्या धुरानं झाडं जळली. तेशिमावर 1990 पर्यंत कारखान्यांचा विषारी कचरा बेकायदा टाकला गेला. गावकरी वर्षानुवर्षं भांडले, 2000 साली तडजोड झाली आणि नऊ लाख टनांच्या वर कचरा आणि माती तिथून हलवावी लागली. संग्रहालयाशेजारची भातखाचरं बरीच वर्षं पडीक होती, गावकऱ्यांच्या साथीनं ती पुन्हा लागती झाली. त्यांच्या शेजारून चालताना हे ठाऊक असायला हवं.

जेवण: बेटांवर खानावळी मोजक्या, आणि भाजीच्या पदार्थातही माशाचं पाणी असतं. शाकाहारी असाल तर जोंधळ्याची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी न्या, दोन्ही टिकतात. ताजी फळं आणि मटण विमानतळावर काढून घेतात, नेऊ नका. संग्रहालयात खायचं नाही, बाहेर बसून खा.

आदल्या रात्री: छत्री, गुडघ्याचा पट्टा, फोनची बॅटरी, बससाठी सुटी नाणी, कचरा परत आणायला पिशवी (रस्त्यावर डबे सापडत नाहीत). छापलेली तिकिटं पुन्हा एकदा बघा, तारीख आणि वेळ मोठ्यानं वाचा. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ प्रत्येकाला पाठ हवी, कारण बेटावर आयत्या वेळी खोली मिळणं कठीण आहे.