रॅकूनपासून सशांचा बचाव: माझा अनुभव

न्यू जर्सीत आमचे ससे मागच्या अंगणात, लाकडी खुराड्यात असतात. रॅकून म्हणजे इथला रात्री फिरणारा, मांजरापेक्षा थोडा मोठा शिकारी प्राणी. त्याचे पुढचे पंजे माणसाच्या हातांसारखे चालतात. साधी कडी तो सहज उघडतो, कोंबड्यांची षटकोनी जाळी फाडतो, नाहीतर तिच्यातून पंजा घालून सशाला धरतो. म्हणून ती जाळी काढून अर्ध्या इंचाच्या छिद्रांची वेल्डेड (तारा एकमेकींना पक्क्या जोडलेली) जाळी लावली. नुसत्या स्टेपलवर भरवसा नको, स्क्रू आणि वॉशर हवेतच. कडीत स्क्रूने बंद होणारा कॅराबिनर (गिर्यारोहक वापरतात तसा धातूचा हुक) अडकवला. खालून उकरू नये म्हणून चहूबाजूंनी २ फूट रुंद जाळी जमिनीत आडवी पुरली. तरीही बाहेरच्या खुडबुडीच्या नुसत्या भीतीनेही ससा मरू शकतो, त्यामुळे अंधार पडायच्या आत त्यांना घरात घेतोच. उरलेलं खाद्य रात्री बाहेर ठेवत नाही.