जत्रेचा बोकड: चैत्रातलं कापणं, वाटे आणि साठवण

चैत्र लागला की जत, आटपाडी, कवठेमहांकाळपासून माण-खटावपर्यंत गावोगावच्या जत्रा सुरू होतात. वर्षभर पोसलेला बोकड किंवा माडग्याळी मेंढा घरच्या अंगणात कापला जातो, भावकी जमते, वाटे पडतात. याच दिवसांत पारा चाळिशीला टेकलेला असतो. एवढ्या उष्णतेत मांसावरचे जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्यामुळे मटण टिकणार की नाही, हे कापल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांतच ठरतं. तयारी आदल्या दिवसापासून धरा आणि काम तांबडं फुटायच्या आत सुरू करा.

हा सल्ला शेळी-मेंढीपुरताच आहे. राज्यात गाय कापायला बंदी होतीच, 2015 पासून बैल आणि वळू यांनाही ती लागू झाली. नगरपालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. घरच्यांनी वाटून खाणं वेगळं. मटण विकायचं असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते.

जनावर निवडताना आधी औषधांची आठवण काढा. जंताचं औषध किंवा अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं असेल, तर त्या बाटलीवर मांसासाठी थांबायचे दिवस लिहिलेले असतात. ते भरल्याशिवाय जनावर कापू नका. गाभण शेळी आणि दूधपित्या करडांची आई बाजूला ठेवा. आदल्या संध्याकाळपासून चारा बंद करा, पाणी मात्र पोटभर द्या. पोट हलकं असलं की आतडं फुटायची भीती कमी होते आणि पाणी प्यालेल्या जनावराचं कातडं सहज सुटतं. बोकड पळवत, ओढत, पोरांच्या गराड्यातून आणू नका. घाबरलेल्या, दमलेल्या जनावराच्या स्नायूतली साखर संपून जाते. मग मांसात आम्लता उतरत नाही, ते काळपट-चिकट राहतं आणि लवकर नासतं. सावलीला शांत बांधलेलं बरं.

अचानक मेलेल्या जनावराला सुरी लावू नका. नाका-तोंडातून किंवा गुदातून काळसर, न गोठणारं रक्त येत असेल आणि पोट टम्म फुगलं असेल, तर ती फाशी, म्हणजे काळपुळी असू शकते. हा रोग कातडं सोलणाऱ्यालाही धरतो आणि सांडलेल्या रक्तातलं बीज मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. ‘एवढा मोठा बोकड वाया कसा घालवायचा’ हा विचार अशा वेळी जिवावर बेततो. 1962 वर फोन करा आणि पशुवैद्य येईपर्यंत कुत्र्यांना जवळ फिरकू देऊ नका.

कापायला बहुतेक गावांत मुलाणी येतात. त्यांचा हात बसलेला असतो, सुरीला धार असते, एका हातात काम होतं. रक्त पूर्ण निथळू द्या, कारण अंगात राहिलेलं रक्तच आधी सडतं. मग मागच्या पायांनी टांगा. जमिनीवर, पोत्यावर किंवा केळीच्या पानांवर सोलणं या उन्हात नको. सोलताना एक हात केसाळ बाजूला, दुसरा मांसाला, आणि हातांची अदलाबदल नाही. अन्ननलिका आणि गुदाची नळी सुतळीने बांधून मगच पोट उघडा. कोथळा अर्ध्या तासाच्या आत बाहेर आला पाहिजे. पित्ताची पिशवी कलेजीपासून जपून सोडवा; फुटलीच तर हिरवं लागलेला भाग कापून टाका.

कलेजी आणि फुप्फुस उजेडात नीट बघा. कलेजी तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबत जा. निरोगी कलेजी सगळीकडे सारखी मऊ लागते. मध्येच पांढरी, ताणलेली, पाण्याने भरलेली गाठ हाताला लागली तर ती फोडू नका. तिच्यात फीतकृमीची पिल्लं असतात. ती कुत्र्याच्या पोटात गेली की तिथे वाढतात, कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि पोरांच्या हातातून, मेथी-कोथिंबिरीवरून माणसाच्या पोटात जाऊन माणसाच्या कलेजीत तशीच गाठ धरते. तिच्यावर पुढे बऱ्याचदा ऑपरेशन करावं लागतं. आपल्याकडे असला तुकडा सरळ कुत्र्यापुढे फेकतात. ही सवय यंदापासून मोडा. असा भाग उकळा किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरा. टेंभू-म्हैसाळ या सिंचन योजनांचं पाणी आल्यापासून जिथे ओल कायम राहते आणि गोगलगायी वाढतात, तिथे पित्तनळ्यांत पानासारखे चपटे कृमीही सापडू शकतात. तशी कलेजी खाऊ नका.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट: अख्ख्या धडावर बादल्या ओतणं. पाणी शेणाचे जंतू सगळीकडे पसरवतं आणि ओलं मांस लवकर आंबतं. घाण लागलेला भाग कापून काढा, बाकी स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसा. धुवायचं ते शिजवायच्या आधी. वजडी आणि मुंडी-पाये साफ करायला वेगळं माणूस, वेगळी जागा, वेगळं पाणी ठेवा.

तीस किलोच्या बोकडाचं साधारण तेरा ते पंधरा किलो मटण पडतं. वाटे घालताना मांडी, खांदा, चाप, नळी सगळ्यांत सारखी जावी म्हणून ढीग लावून बसायची रीत चांगली, पण ढिगाच्या मधलं मांस गरमच राहतं. परातीत पसरून ठेवा, वर ओलं न केलेलं मलमल टाका, आणि ज्याचा वाटा त्याने लगेच उचलावा. उन्हाच्या वेळी तासाभराच्या आत मटण चुलीवर तरी गेलं पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये तरी.

फ्रीझरमध्ये ठेवायचं तर अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या करा, हवा काढा, पहिल्या दिवशी एकमेकींवर रचू नका. पाच किलोची पिशवी मधून गोठायला फार वेळ घेते. लाइट गेली तर दार उघडून बघायचा मोह टाळा. भरलेला बंद फ्रीझर एक दिवस सहज थंडी धरतो.

वाळवायचं असेल तर चैत्रासारखा महिना नाही. मांडीचं निव्वळ मांस घ्या. चरबी सगळी काढा, तीच पुढे खवट होते. बोटापेक्षा बारीक, लांब पट्ट्या पाडा. जुनी माणसं कच्च्याच वाळवायची, पण मी ठामपणे सांगेन, आधी मीठ-हळदीच्या उकळत्या पाण्यात आतली लाली जाईपर्यंत शिजवा. मग निथळून, किलोला मूठभर बारीक मीठ चोळून, मच्छरदाणीच्या आत दोरीवर टाका. संध्याकाळी घरात घ्या. दोन-तीन कडक उन्हांनी पट्टी वाकवली की तडकते आणि आत ओल दिसत नाही, तेव्हा ती झाली. वैशाखात दुपारचा वळीव कधी येईल सांगता येत नाही, म्हणून हे काम चैत्रातच उरका.

मटणाचं लोणचं मात्र तेलात बुडवून फळीवर ठेवू नका. हवा न लागणाऱ्या तेलाखाली असं विष तयार होऊ शकतं ज्याला वास नसतो, चव नसते. ते फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा.

वाळलेल्या पट्ट्या कोरड्या काचेच्या बरणीत भरा आणि चार दिवसांनी बरणी उजेडात धरून बघा. आतून दव धरलं असेल तर परत ऊन द्या. बुरशी दिसली तर सगळं टाकून द्या. मृगाच्या आत संपवायचा बेत ठेवा, उरलंच तर पावसाळ्यात बरणी फ्रीजमध्ये हलवा.