डिशवॉशर खरंच बिघडलाय की पाण्याचा घोळ आहे? या चुका टाळा

मशीन मधेच थांबलं की घरात एकच वाक्य ऐकू येतं, "कार्ड गेलं वाटतं." कार्ड म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. मग फोनाफोनी, व्हिजिट चार्ज, आणि कार्ड बदलूनही भांडी तशीच चिकट. म्हणून कळकळीने सांगतो, आधी पाणी बघा. आत येतंय का, फिरतंय का, बाहेर जातंय का, तापतंय का, ह्याच क्रमाने. कार्डाचा विचार सगळ्यात शेवटी.

पाणी आत न येणं ही आपल्या नाशिकमधली नेहमीची भानगड. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, आडगाव सगळीकडे आता उंच बिल्डिंगा झाल्यात, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरच्यांना प्रेशर कमी मिळतं, कारण टाकी अगदी डोक्यावर असते. साधा हिशोब आहे, १० मीटर उंचीवरून पाणी आलं की जेमतेम १ बार प्रेशर मिळतं आणि बऱ्याच मशिनांना किमान ०.५ बार लागतं, म्हणजे टाकी निदान ५ मीटर वर हवी आणि ती असते तीन-चार मीटरवर. मशीन बिचारं वाट बघून नळाची खूण दाखवतं आणि आपण म्हणतो बिघडलं. इनलेट पाइप मशीनकडून काढा, बादलीत धरा आणि कॉक पूर्ण उघडा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मिनिटाला १० लिटर लिहिलेलं असतं, तेवढं येत नसेल तर त्या लाइनला छोटा प्रेशर पंप लावायचा, मशीन उघडायची गरजच नाही.

धार चांगली आहे पण मशीनमध्ये पाणी जात नाही? मग पाइप जोडतो त्या तोंडाशी बारीक जाळी असते ती बघा. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा किंवा सोसायटीची टाकी धुतल्यावर तिथे गाळ बसतो. जुन्या टूथब्रशने धुवून परत बसवा. काही जण वैतागून जाळी काढूनच टाकतात, हे अजिबात करू नका, कचरा व्हॉल्व्हमध्ये अडकला की व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि मशीन बंद असतानाही पाणी आत झिरपत राहतं.

दुसरी मोठी चूक मिठाची. सॉल्टच्या खणात घरातलं मीठ टाकायचं नाही. आयोडिन आणि मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ आतल्या सॉफ्टनरची, म्हणजे पाण्यातले क्षार कमी करणाऱ्या भागाची वाट लावतात. डिशवॉशरचंच जाड सॉल्ट घ्या. आणि मशीनमधलं पाण्याच्या जडपणाचं सेटिंग बघा हो! गंगापूर धरणाचं पाणी येतं तेव्हा काचेचे ग्लास लख्ख निघतात, उन्हाळ्यात बोअर किंवा टँकर सुरू झाला की पांढरट होतात, म्हणजे क्षार वाढलेत, सेटिंग वाढवायला हवं. पांढरा थर व्हिनेगर चोळल्यावर गेला तर तो क्षारच. नाही गेला तर काच कायमची झिजलीय, त्यात मशीनचा दोष नाही.

भांडी धुतल्यासारखीच वाटत नाहीत तेव्हा आतले पाणी फवारणारे फिरते पंखे हाताने फिरवून बघा, डाव किंवा झारा आडवा आला की ते जागीच थांबतात. भोकांत मोहरी अडकते, टूथपिकने काढायची. मिसळीची भांडी नुसती खरकटं काढून लावा, तर्रीचा तवंग डिटर्जंट काढतो. पण भांडी घासायचं लिक्विड आत टाकू नका, फेस दारातून बाहेर येतो.

पाणी तळाशी साचलंय? प्लग काढा, नळ बंद करा, मग फिल्टर उचला. साचलेलं पाणी कपाने काढून घ्या. फिल्टरखाली पंपाचं झाकण असतं, ते काढून आत बघा, पण हातमोजा घालूनच, कारण फुटलेल्या ग्लासची काच तिथेच जाऊन बसते. लिंबाची बी, कढीपत्त्याचा देठ, टूथपिक, एवढ्याशा वस्तूने पंप अडकतो. बॉश, सिमेन्सच्या मशीनवर ई २४ किंवा ई २५ हा एरर कोड दिसत असेल तर बहुतेक इथलंच काम आहे, शिवाय मशीनमागे ड्रेन पाइप दबलाय का तेही बघा.

ई १५ आला तर मात्र तळाच्या ट्रेमध्ये पाणी गेलंय. मशीन तिरकं करून ते ओतलं की कोड जातो खरा पण गळती तशीच राहते. पाइप उंदराने कुरतडलाय का, दाराचं रबर फाटलंय का, फेस झाला होता का, हे शोधल्याशिवाय परत चालू करू नका.

गरम प्रोग्राम चालू असताना अर्ध्या तासाने दार हळूच उघडा, वाफ आली पाहिजे. भांडी थंडगार असतील तर हीटर, सेन्सर किंवा कार्ड, आणि इथून पुढे मात्र आपण हात घालायचा नाही, मेकॅनिकच बोलवायचा. फोनवरच त्याला दाराच्या कडेवरचा मॉडेल नंबर, एरर कोड आणि वर सांगितलेल्यातलं काय काय तपासलंत ते सांगा, म्हणजे योग्य पार्ट घेऊनच येईल.