हायब्रिड गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज कसं काढायचं

रस्त्यात चहाला थांबलो की दोघं-तिघं गाडीभोवती फिरतात, मागचा ‘हायब्रिड’चा, म्हणजे इंजिनासोबत बॅटरीवरही चालणाऱ्या गाडीचा, बिल्ला वाचतात आणि विचारतात, “कितलं देस भाऊ?” मी लिटरला बावीस किलोमीटर सांगतो. लगेच त्यातला एक म्हणतो, माझ्या साडूची हीच गाडी, अठ्ठावीस देते. साडूनं पंपावर कधी हिशोब केलेला नसतो. डॅशबोर्डवर एखाद्या चांगल्या दिवशी दिसलेला आकडा तो वर्षभर सांगत असतो.

कंपनीचा आकडा खोटा असतो असंही नाही. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर यांच्या स्ट्राँग (नुसत्या बॅटरीवरही चालू शकणाऱ्या) हायब्रिडला एआरएआयचा, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा, आकडा आहे २७.९७, होंडा सिटीच्या हायब्रिडला २७ च्या वर. पण ती चाचणी रोलरवर होते, एसी बंद ठेवून, आखून दिलेल्या वेगानं, आणि वेग ९० च्या वर जातच नाही. तिच्यात मे महिन्यातलं भुसावळ नाही आणि डिकीत बामणोदच्या वांग्यांचं पोतंही नाही. आपलं अ‍ॅव्हरेज आपणच काढायचं. काम सोपं आहे, फक्त पंपावरची पाच मिनिटं सांभाळायची.

१. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. गाडीत एक वही ठेवा. तयारी झाली.

२. टाकी भरणे

पहिल्या वर्षी माझ्या वहीत एकदा ३१ आलं आणि पुढच्याच वेळी १७. गाडी तीच, चालवणारा मी, रस्ता जळगाव-धुळे. मी गाडी सर्व्हिसला नेली. त्यांनी कॉम्प्युटर लावून पाहिला आणि गाडीत काही नाही म्हणाले. मला ते टाळाटाळ करतायत असं वाटलं, दुसरीकडेही दाखवून आलो. चूक माझी होती, हे कळायला आणखी दोन महिने गेले.

साध्या गाडीत १०० किलोमीटरला सात-आठ लिटर पेट्रोल जातं. हायब्रिडमध्ये साडेचार-पाच. म्हणजे टाकी भरताना झालेली तीच चूक इथे दीडपट मोठी दिसते. समजा तुम्ही ११० किलोमीटर चाललात आणि खरं पेट्रोल पाच लिटर गेलं. अ‍ॅव्हरेज २२. आता टाकी एक लिटर कमी भरली गेली, तर बिलावर चार लिटर येतात आणि तुम्ही २७.५ म्हणून पेढे वाटता. एक लिटर जास्त गेलं, तर १८.३ येतं आणि शोरूमशी भांडायला निघता. हेच अंतर ६६० किलोमीटर असेल, तर खरं पेट्रोल ३० लिटर, आणि एका लिटरच्या चुकीनं आकडा २१.३ ते २२.८ एवढाच हलतो. म्हणून शंभर-दीडशे किलोमीटरवर काढलेलं हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज मी ऐकूनच घेत नाही. पाचशेच्या खाली हिशोब करायचाच नाही.

लिटरभराचा फरक पडतो कुठे? नोझलमध्ये. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल किंवा पेट्रोलचा फेस तिथवर आला की आतली हवा तुटते आणि नोझल आपोआप खट्टकन बंद होतं. पूर्ण वेगानं भरलं, की फेस आधी येतो आणि टाकीत जागा असतानाच खट्ट होतं. पंपाची फरशी एका बाजूला उतरती असेल, तर टाकीतली हवा दुसऱ्या कोपऱ्यात अडकते. नोझल थोडं बाहेर धरलं तर वेगळं, आत खुपसलं तर वेगळं. त्यातून पोरगा मीटरकडे बघून म्हणतो, “आप्पा, राउंड करी देऊ का?” तो बिचारा सुट्या पैशांची कटकट टाळत असतो, पण त्या राउंडमध्ये तुमचा हिशोब बुडतो.

मी आता असं करतो. पंप एकच, माझा गावाबाहेरचा. नोझल तेच, गाडीचं तोंडही त्याच बाजूला. पोराला आधीच सांगायचं: हळू सोड, पहिल्या खट्टला थांब, पुढे एक थेंब नको, राउंड नको. पैसे २,६४३ झाले तर २,६४३ द्यायचे. छापील बिल घ्यायचं, कारण लिटर त्यावर दोन दशांशांपर्यंत असतात. पहिल्यांदा पोरं हसतात. तिसऱ्या वेळी स्वतःच म्हणतात, यांचं हळू भर रे. पंप लिटरमध्ये मारतो असा संशय असेल तर मनात कुढू नका. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं तपासलेलं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकानं मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. मी एका ठिकाणी मागितलं तर म्हणे किल्ली शेठकडे आहे. तिथे परत गेलो नाही.

आता ‘काठोकाठ भरा, गाडी हलवून भरा’ या सल्ल्याबद्दल. व्हिडिओत बघून कितीतरी जण हे करतात. दोघं मागून बंपर दाबतात, फेस बसतो, पुन्हा थोडं, पुन्हा थोडं, झाकणापर्यंत. करू नका. टाकीचा वरचा भाग वाफेसाठी मुद्दाम रिकामा सोडलेला असतो. त्या वाफा कोळशाच्या एका डब्यात जातात आणि नंतर इंजिनात जळतात. काठोकाठ भरलेलं पेट्रोल तिकडे शिरलं तर डबा खराब होतो आणि खर्च अ‍ॅव्हरेजच्या सगळ्या बचतीपेक्षा जास्त येतो. त्यात आपल्याकडे भर उन्हात गाडी उभी राहिली की पेट्रोल फुगतं. पहिला खट्ट दरवेळी सारखा असला की पुरे, टाकी किती भरली याच्याशी हिशोबाला काही देणंघेणं नाही.

पहाटे पेट्रोल थंड असतं म्हणून जास्त मिळतं, ही आणखी एक जुनी समजूत. पंपाची टाकी जमिनीखाली असते. दिवसभरात तिथलं तापमान फारसं हलत नाही. झोप मोडू नका.

आणि एक प्रश्न फक्त हायब्रिडवाल्यांचा: सुरुवातीला बॅटरी भरलेली होती की रिकामी, ते मोजायचं का? नाही. ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडची बॅटरी ०.७६ युनिटची, म्हणजे घरच्या मीटरवर पाऊण युनिट. एक लिटर पेट्रोलमधून इंजिन तीनेक युनिट काम काढतं. पूर्ण बॅटरीचा फरक धरला तरी पाव लिटर. सहाशे किलोमीटरमागे तो दिसतही नाही.

३. खट्ट झाल्यावर ट्रिप मीटर शून्य करा. विसरलात तर तेव्हाचं किलोमीटर वहीत लिहा. मूळ मापाचे टायर बदलून जाड टायर टाकले असतील, तर एकदा किलोमीटरच्या दगडांवरून ५० किलोमीटर ताडून बघा.

४. हिशोब

मधले किलोमीटर भागिले पुढच्या वेळी भरलेले लिटर, एवढंच. तीन टाक्यांचा मिळून काढा, पण तीन अ‍ॅव्हरेजची सरासरी काढू नका. २०० किलोमीटरला २५ पडलं आणि ६०० किलोमीटरला २० पडलं, तर साडेबावीस नाही होत. पेट्रोल गेलं ८ आणि ३०, म्हणजे ८०० भागिले ३८, एकवीस. डॅशबोर्ड माझ्या गाडीत खऱ्यापेक्षा एक-दीड जास्त दाखवतो. दरवेळी तेवढाच जास्त दाखवतो, म्हणून खोटा असून उपयोगी आहे.

जुन्या वहीशी तुलना करताना पेट्रोल बदललंय हे ध्यानात ठेवा. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलच्या लिटरमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी. शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर सहा-सात टक्के तिथेच गेले.

५. आकडा वाढवायचा असेल तर

वेग. बाकी सगळं याच्यापुढे किरकोळ. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १०० ला तो दीडपटीच्या वर जातो. धुळ्याहून शिरपूरकडे मोकळा हायवे बघून पाय दाबला की हायब्रिड आणि साधी पेट्रोल गाडी यांत फार फरक उरत नाही, कारण बॅटरी ब्रेक मारताना भरते, ब्रेक नाही तर तिला परत काही मिळत नाही. मी ८० ते ८५ वर चालतो. जळगाव ते धुळे या वेगानं दहा-बारा मिनिटं जास्त लागतात. या गाड्या गावातल्या गर्दीत हायवेपेक्षा जास्त देतात, आणि हे पहिल्यांदा घेणाऱ्याला उलटं वाटतं.

छोट्या फेऱ्या मात्र अ‍ॅव्हरेज मारतात. डिसेंबरात सकाळी दोन किलोमीटरवर दूध आणायला गाडी काढली, की इंजिन तापेपर्यंत चालूच राहतं आणि तापलं तेव्हा घर आलेलं असतं. दूध चालत जाऊन आणा.

एसी लावा. पंचेचाळीस अंशांत काचा खाली करून अ‍ॅव्हरेज काढणारे पाहिलेत मी, त्यांना अ‍ॅव्हरेजच्या आधी ऊन लागतं. या गाड्यांचा एसी विजेवर चालतो, इंजिन बंद असतानाही. गाडी सावलीत लावा, निघताना दोन मिनिटं दारं उघडी ठेवा आणि तापमान १८ ऐवजी २५ ठेवा.

ईव्हीचं, म्हणजे गाडी नुसत्या बॅटरीवर चालवणारं, बटण दाबून ठेवा असं सांगणारे भेटतील. त्या बॅटरीत वीज आली कुठून? तुमच्याच पेट्रोलमधून, नाहीतर तुमच्याच ब्रेकमधून. बटणानं इंजिन आत्ता थांबतं आणि बॅटरी भरायला पुढच्या चढावर जास्त जोरात चालतं. रात्री सोसायटीत आवाज नको म्हणून ते बटण ठीक आहे.

६. कन्नडचा घाट उतरताना

कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना बॅटरी फुकट भरणार म्हणून मी सुरुवातीला फार खूश असायचो. मग एकदा कागदावर मांडलं. गाडी आणि चार माणसं मिळून सोळाशे किलो, उतार हिशोबाला अडीचशे मीटर. एका युनिटाहून थोडी जास्त ऊर्जा होते. बॅटरी पाऊण युनिटची, आणि गाडी तीही पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू देत नाही. म्हणजे घाट संपायच्या आधीच जागा संपते. पुढचा सगळा भार साध्या ब्रेकवर येतो आणि ते तापतात.

म्हणून घाटात गिअर ‘बी’ वर, म्हणजे उतारावर गाडी आवरणाऱ्या खाचेत, घ्या. बॅटरी भरली की इंजिन घरघरायला लागेल. शेजारी बसलेले म्हणतील पेट्रोल पितेय. नाही पीत. गाडी स्वतःचा जोर इंजिनावर जिरवत असते, पेट्रोल बंद असतं. घाट संपला की लगेच नेहमीचा ‘डी’, सपाट रस्त्यावर ‘बी’ ठेवलं तर अ‍ॅव्हरेज घटतं. न्यूट्रल करून उतरण्याचा सल्ला देणाऱ्याच्या गाडीत बसू नका. न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही आणि गाडी ताब्यात राहत नाही.

७. एवढं करूनही आकडा कमी पडत असेल तर मागच्या सीटजवळची बॅटरीच्या हवेची जाळी बघा. तिच्यावर पिशव्या, गोधड्या, केळीची खोकी ठेवू नका. बॅटरी केबिनमधली हवा ओढून थंड होते, त्यातला फिल्टर आपल्या धुळीनं लवकर भरतो. माझा एका उन्हाळ्यानंतर काढला तर मातीचा थर होता. साफ केल्यावर मागून येणारा पंख्याचा आवाज गेला. अ‍ॅव्हरेज मात्र बावीसच राहिलं.