पहिल्यांदा ईएमसी चेंबरमध्ये जाणाऱ्यांसाठी

माझं पहिलं प्रॉडक्ट ईएमसी टेस्टमध्ये १२५ मेगाहर्ट्झवर फेल झालं. ईएमसी म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक कंपॅटिबिलिटी: आपल्या उपकरणाच्या रेडिओ तरंगांनी इतरांना त्रास होऊ नये आणि बाहेरचा त्रास त्याने सोसावा. मर्यादा ४० डेसिबलची होती (मीटरला एक मायक्रोव्होल्ट म्हणजे शून्य धरून), आमची रेषा ४७ला टेकली होती. सात डेसिबल जास्त. चेंबरचं भाडं तासावर चालू होतं आणि पुढे काय करायचं हे मला कळत नव्हतं.

मी बडोद्याचाच. कलाभवनात, म्हणजे इथल्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आणि मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कंपनीत लागलो. आम्ही पंपांचे कंट्रोलर बनवतो. युरोपात माल पाठवायचा तर सीई मार्क, म्हणजे माल तिथल्या नियमांत बसतो असं सांगणारी खूण लागते, आणि त्यासाठी २०१४/३०/ईयू हे युरोपीय संघाचं ईएमसी डिरेक्टिव्ह पाळावं लागतं. कॉलेजात मॅक्सवेलची समीकरणं सोडवली होती, पण चेंबर कधी पाहिलेला नव्हता. या कामात नव्याने येणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चेंबर म्हणजे आधी एक पूर्ण बंद लोखंडी खोली. दाराच्या कडेने पितळी रंगाच्या स्प्रिंगसारख्या पट्ट्यांची रांग असते. दार लागलं की त्या दाबल्या जातात आणि फट उरत नाही. त्या पट्ट्यांना हात लावू नका, एक वाकली तरी तिथून गळती होते. बाहेर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये एफएम रेडिओ भरलेला असतो, शिवाय मोबाइलचे टॉवर. उघड्यावर मोजलं तर त्या गर्दीत आपल्या प्रॉडक्टची कुजबुज ऐकूच येणार नाही. आत भिंतींवर आणि छतावर कार्बन मिसळलेल्या फोमचे सुळके असतात. दार बंद झालं की कानांना दडे बसल्यासारखं वाटतं, कारण तो फोम आवाजही बराच गिळतो. पण ३० मेगाहर्ट्झची तरंगलांबी १० मीटर. ती फोमने गिळायची तर सुळके भिंतीएवढे लांब करावे लागतील. म्हणून फोमच्या मागे फेराइटच्या, म्हणजे चुंबकीय सिरॅमिकच्या, सहा-सात मिलिमीटर जाडीच्या टाइल लावलेल्या असतात. खालच्या फ्रिक्वेन्सी त्या सांभाळतात.

एमिशन, म्हणजे प्रॉडक्टमधून बाहेर पडणारे तरंग, मोजताना जमीन मात्र उघडी, धातूची ठेवतात. प्रॉडक्टकडून थेट येणारा तरंग आणि जमिनीवरून परतलेला तरंग कुठे मिळतात, कुठे एकमेकांना मारतात. म्हणून अँटेना १ ते ४ मीटर वर-खाली होते आणि ८० सेंटिमीटर उंचीच्या टेबलावरचं प्रॉडक्ट टर्नटेबलवर पूर्ण गोल फिरतं. सगळ्यात वाईट आकडा शोधायचा असतो. तीन मीटरवर घरगुती वापराची मर्यादा २३० मेगाहर्ट्झपर्यंत ४०, म्हणजे मीटरला अवघे १०० मायक्रोव्होल्ट. उलट इम्युनिटीच्या, म्हणजे बाहेरचा त्रास सोसण्याच्या, टेस्टला, औद्योगिक जागेसाठी, त्याच प्रॉडक्टवर मीटरला १० व्होल्टचं फील्ड सोडतात. लाखपट! तेव्हा जमिनीवरही सुळके मांडतात, माणसं बाहेर थांबतात आणि डिस्प्ले कॅमेऱ्यातून बघायचा.

आता त्या १२५कडे येऊ. मी बोर्ड उघडून कॅपॅसिटर बदलायच्या तयारीत होतो. लॅबच्या टेक्निशियनभाईंनी मला थांबवलं आणि इथरनेटची केबल काढायला सांगितली. काढली, आणि रेषा खाली बसली. इथरनेटला ठोके देणारा क्रिस्टल २५ मेगाहर्ट्झचा, त्याचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे पाचपट फ्रिक्वेन्सी, १२५. तिथे पाव तरंगलांबी होते ६० सेंटिमीटर, आणि पाव तरंगलांबीची तार चांगली अँटेना बनते. आमची केबल टेबलावरून साधारण तेवढीच लोंबत होती. बोर्ड फक्त ढकलत होता, अँटेनाचं काम केबल करत होती. केबलच्या शील्डची, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाची, जाळी पिळून तिची शेपटी केली होती आणि ती एका स्क्रूला बांधली होती. ती शेपटी या फ्रिक्वेन्सीला इंडक्टर होऊन बसते. शील्ड चारी बाजूंनी कॅबिनेटच्या धातूला क्लँपने आवळायला हवी होती.

तेव्हापासून फेल झालं की मी आधी एकेक केबल काढतो, मग बोर्डाकडे वळतो. तुम्हीही हाच क्रम ठेवा.

जायच्या आधी प्रॉडक्टमधल्या प्रत्येक क्रिस्टलची आणि प्रत्येक स्विचिंग सप्लायची फ्रिक्वेन्सी कागदावर लिहून न्या. ग्राफवर शिखर दिसलं की त्याची फ्रिक्वेन्सी त्या आकड्यांनी भागून बघता येते. कोअॅक्स केबलच्या टोकाला लहान वळसा करून स्पेक्ट्रम अॅनालायझरला (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे ते दाखवणारं यंत्र) जोडला, की बोर्डावर कुठे जोर आहे ते आपल्याच टेबलावर कळतं. त्यावरून पास-फेल ठरवू नका, पण जागा नक्की सापडते. पिशवीत क्लिप-ऑन फेराइट, तांब्याची टेप, जादा फ्यूज आणि चार्ज केलेला लॅपटॉप ठेवा. लॅपटॉप बॅटरीवरच चालवा. स्वस्त चार्जरमुळे आमचा एकदा अख्खा तास गेला. आणि प्रॉडक्ट बंद ठेवून पहिला स्कॅन घ्यायला सांगा, म्हणजे कोणती रेषा खोलीची आणि कोणती आपली हे ठरतं.

नोकरी म्हणून यायचं असेल तर डिप्लोमा आणि बीई दोघांनाही जागा आहे. सुरुवातीचे महिने केबल मांडणं आणि फोटो काढणं यातच जातात. ते काम हलकं समजू नका. केबल वीतभर सरकली तर आकडा बदलतो, म्हणून सेटअपचा फोटो रिपोर्टमध्ये जातो. क्लँप लावून आम्ही दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा मी पहिल्या दिवसाचा फोटो समोर ठेवून केबल तशीच लोंबती सोडली होती. १२५वरची रेषा ३३वर आली.