पेटंटचे उल्लंघन करणारे शोधण्यापूर्वीची तयारी

छोट्या कंपनीत पेटंटचे उल्लंघन करणाऱ्यांचा माग बहुधा उलट्या टोकाने सुरू होतो. कोणाचे तरी उत्पादन नजरेस पडते, 'हे तर आपलेच' असे वाटते आणि मग पेटंट उघडले जाते. त्याऐवजी आधी आपल्या पेटंटमधील दावे, म्हणजे नेमके कशावर हक्क आहे हे सांगणारी क्रमांकित वाक्ये, समोर ठेवावीत. संरक्षण सारांशाला किंवा आकृत्यांना नसून दाव्यांच्या शब्दांना असते, आणि एखाद्या दाव्यातील प्रत्येक घटक समोरच्या उत्पादनात शब्दशः किंवा समतुल्य रूपात सापडला तरच त्या दाव्याचे उल्लंघन ठरते. पाचपैकी चार घटक जुळले, तर त्या दाव्यापुरता हाती काहीच लागत नाही.

पेटंट अजून जिवंत आहे, त्याची शुल्के भरलेली आहेत आणि ते खरोखर कंपनीच्या नावावर आहे, याची खात्री करून घ्यावी. मुदत सर्वसाधारणपणे अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे असते. अमेरिकेत पेटंट मिळाल्यापासून साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी शुल्क भरावे लागते. बाहेरून काम करून दिलेल्या अभियंत्याचे, हक्क कंपनीला देणारे हस्तांतरपत्र राहून गेलेले असणे, हा नेहमीचा घोळ आहे. पेटंट ज्या देशात आहे, त्याच देशातील निर्मिती, विक्री, वापर किंवा आयात मोजावी.

त्यानंतर बाहेरून दिसू शकतील असे दावे वेगळे काढावेत. पडद्यावर काय घडते किंवा दोन उपकरणांमध्ये कोणते संदेश जातात, हे तपासता येते. दुसऱ्याच्या सर्व्हरच्या आत चालणारी गणनपद्धती मात्र सहसा दिसत नाही. माझ्या मते छोट्या कंपनीने आपला मर्यादित वेळ पहिल्या प्रकारालाच द्यावा, मग दुसरा दावा कितीही व्यापक असो.

पुरावा बहुतेक वेळा उघड्यावरच पडलेला असतो. वापरपुस्तिका, चिपची डेटाशीट (तांत्रिक तपशीलपत्र), विकसकांसाठीची एपीआयची (दोन सॉफ्टवेअरना जोडणाऱ्या दुव्याची) कागदपत्रे, परिषदांतील सादरीकरणे, इतकेच काय, नोकरीच्या जाहिरातीही वाचाव्यात, कारण विक्री विभाग जे लपवतो ते अभियंते अभिमानाने लिहून ठेवतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बिनतारी उपकरणांची माहिती एफसीसी या तेथील दूरसंचार नियामक संस्थेकडे नोंदलेली असते आणि उपकरणाच्या आतली छायाचित्रेही तेथे पुष्कळदा पाहायला मिळतात. पेटंट घेतलेली आपली कल्पना एखाद्या तांत्रिक मानकात, म्हणजे अनेक उत्पादकांनी पाळायच्या सामायिक नियमांत, समाविष्ट असेल, तर मानकाचा मजकूर दाव्याशी ताडून पाहावा. मात्र ऐच्छिक भाग प्रत्येक उत्पादनात असेलच असे नाही. एकच चिप अनेक उपकरणांत असेल, तर दहा विक्रेत्यांऐवजी एका पुरवठादाराचा अभ्यास पुरतो.

सर्वांत दुर्लक्षित वाट आपल्याच पेटंटपासून निघते. नंतरच्या कोणत्या अर्जांमध्ये त्याचा संदर्भ आला आहे, हे गुगल पेटंट्स किंवा एस्पासनेट या पेटंट शोधण्याच्या संकेतस्थळांवर विनामूल्य पाहता येते. पेटंट कार्यालयातील परीक्षकाने आपले पेटंट दाखवून एखाद्याचा अर्ज अडवला असेल, तर तो अर्जदार याच क्षेत्रात काम करतो आणि त्याने दिलेले उत्तर वाचण्यासारखे असते. अर्थात, संदर्भ म्हणजे उल्लंघन नव्हे.

उत्पादन विकत घेऊन तपासायचे असेल, तर पावती, आवृत्ती क्रमांक, तारीख आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे जपावीत. सॉफ्टवेअरच्या परवान्यात रिव्हर्स इंजिनिअरिंगला, म्हणजे ते उकलून आतली रचना शोधण्याला, मनाई असू शकते, म्हणून ते उघडण्याआधी वकिलाला विचारावे. प्रतिस्पर्ध्याकडून आपल्याकडे आलेल्या कर्मचाऱ्याला तेथील गुपिते विचारू नयेत.

जमलेली माहिती क्लेम चार्टमध्ये मांडावी. डावीकडे दाव्याचा एकेक घटक, उजवीकडे त्याचा पुरावा, आणि जेथे केवळ अंदाज आहे तेथे तसे स्पष्ट लिहावे. समोरच्याने किंवा त्याच्या पुरवठादाराने आपल्याकडून परवाना घेतलेला नाही ना, हेही पाहावे. ते उत्पादन आपल्या अर्जाच्या तारखेआधीच बाजारात असेल, तर ते उल्लंघन नसून आपल्याच पेटंटच्या वैधतेवर उठणारा पुरावा आहे. ही तारीख मी सर्वांत आधी पाहीन.

हे पूर्ण होईपर्यंत समोरच्याला काहीही कळवू नये, विक्री प्रतिनिधीनेही नाही. पत्र मिळताच अमेरिकेत तो स्वतःच न्यायालयात जाऊन उल्लंघन नसल्याचा निर्णय मागू शकतो किंवा पेटंट कार्यालयात आपल्या पेटंटला आव्हान देऊ शकतो, आणि ब्रिटनमध्ये निराधार धमकीबद्दल आपल्यावरच खटला होऊ शकतो. त्यामुळे पहिल्या पत्राचा मसुदा वकिलाच्या हातूनच जावा.