घरचा व्हेज बर्गर फुटतो कुठे? या चुका टाळा

टिक्की उलटायला जावं तर अर्धी उलथन्यावर येते आणि अर्धी तव्यालाच चिकटून बसते. बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, खिम्याची रीत भाजीला लावल्याचा असतो. खिम्याला मीठ आणि आच लागली की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरतात. बटाटा, गाजर, राजमा असलं काही करत नाहीत, उलट पाणी सोडतात. (नावातल्या 'हॅम'वर जाऊ नका. नाव हॅम्बुर्ग शहरावरून आलंय, आणि मूळ पॅटी गोमांसाची.)

पहिली चूक पाण्याची. बटाटे सोलून, फोडी करून उकडले की ते पाणी पितात. सालासकट अख्खे उकडा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग किसा. शक्य असेल तर आदल्या रात्रीच उकडून फ्रिजमध्ये ठेवा, स्टार्च घट्ट होतो. नवे बटाटे चिकट होतात, त्यामुळे जुनेच घ्या. गाजर-कोबी मीठ लावून पिळा. राजमा शिजला की निथळून तव्यावर कोरडा परता, सोया चंक्स तर हात दुखेपर्यंत पिळा. इथे आळस केला तर पुढे कितीही कॉर्नफ्लोर घाला, टिक्की फक्त चिवट होते.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे: वड्याची उरलेली भाजी थापून टिक्की. वड्याची भाजी लोण्यासारखी मऊ असली तरी चालते, कारण तिला बेसनाचं कवच सांभाळतं. टिक्कीलाही कवच हवं. भारतात १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स गोमांसाशिवाय आलं. त्यांच्या आलू टिक्कीलाही वरून चुऱ्याचं आवरण असतंच. घरी मिश्रणात भिजवून पिळलेले पोहे किंवा ब्रेडचा चुरा घाला, टिक्की मैद्याच्या पातळ घोळात बुडवा, रवा किंवा चुऱ्यात घोळवा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. कराचीच्या बन कबाबमध्ये डाळीचा कबाब फेटलेल्या अंड्यात बुडवून तळतात. अंडं नको असेल तर बेसनाचा पातळ घोळ तेच काम करतो.

तिसरी, व्हिडिओ बघून केलेली दाबादाबी. ओक्लाहोमात पातळ कापलेला कांदा तव्यावरच खिम्यात दाबून बसवतात आणि दोन्ही खरपूस होतात. बटाट्याची टिक्की तशी दाबली की कडा फुटतात. मिनियापोलिसच्या 'जूसी लूसी'त चीज पॅटीच्या पोटात असतं. ते करायचंच असेल तर चीजचा तुकडा आधी फ्रीझरमध्ये कडक करा आणि भोवती बोटभर जाड थर ठेवा. तव्यावर टाकलेल्या टिक्कीला तीन-चार मिनिटं हात लावू नका. खालून कवच धरलं की ती आपोआप सुटते.

मापातही फसगत होते. खिम्याची पॅटी शिजताना आकसते म्हणून ती बनपेक्षा मोठी थापतात. आपली आकसत नाही, बनएवढीच थापा.

बनचं एवढंच: आतली बाजू लोण्यावर भाजा, म्हणजे सॉस लगेच मुरत नाही. टोमॅटो टिक्कीच्या वर ठेवा, खाली नाही. ऑस्ट्रेलियात बर्गरमध्ये बीटच्या चकत्या घालतात, चव छान लागते, पण त्या पुसून घ्या, नाहीतर सगळं गुलाबी आणि गिचका. इस्तंबूलमध्ये बर्गर मुद्दाम टोमॅटोच्या सॉसमध्ये भिजवून वाफेवर ठेवतात, हे खरं. तिथे तो ओला असणं हीच चव आहे. आपला चुकून ओला झाला तर त्याला इस्तंबूलचा बर्गर म्हणून सुटता येत नाही.

बनच नको असेल तर जपानच्या 'मॉस बर्गर' या रेस्टॉरंट साखळीची १९८७ची युक्ती आहे: भाताच्या दोन चकत्यांमध्ये सारण. इथे बासमती वापरणं ही चूक, दाणा दाण्याला चिकटतच नाही. इंद्रायणी घ्या, भात कोमट असतानाच ओल्या हाताने वाटीत दाबून चकत्या पाडा आणि तव्यावर थोड्या तेलात खरपूस करा.

उरलेल्या टिक्क्या कच्च्याच, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा. तळायच्या वेळी वितळू देऊ नका, थेट मंद आचेवर तेलात सोडा. वितळल्या की पुन्हा तेच पाणी, आणि पुन्हा तोच चुरा.